४८, २६, ६८: गोव्यातील गर्भनिरोधनाच्या आकड्यांचे मॉडेल कसे करावे

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या तिसऱ्या, चौथ्या आणि पाचव्या फेरीतील गोव्याची माहिती आपण एकत्र केली. विवाहित स्त्रियांपैकी कोणतेही गर्भनिरोधक साधन वापरणाऱ्यांचे प्रमाण २००५-०६ मध्ये सुमारे ४८ टक्के, २०१५-१६ मध्ये सुमारे २६ टक्के आणि पाचव्या फेरीत सुमारे ६८ टक्के दिसते. साधन वापरण्याची शक्यता इतर घटकांवरून काढणाऱ्या लॉजिस्टिक रिग्रेशनमध्ये फेरीचा चल घातला की त्याचा गुणांक अवाढव्य येतो. तेव्हा चौथी फेरी टाकून द्यावी, की हा बदल खरा मानून त्याची कारणे शोधावीत, आणि या माहितीवरून तालुकावार अंदाज काढता येतील का, असे आपण विचारले आहे.

पहिल्या दोन्ही पर्यायांना माझे उत्तर नकारार्थी आहे. फेरी टाकून दिली तर तिच्यातील वय, अपत्यसंख्या, जन्मेतिहास (प्रत्येक अपत्य केव्हा जन्मले याची नोंद) ही बऱ्यापैकी विश्वसनीय माहितीही हातची जाते. बदल खरा मानला तर आपण वर्तनाची नव्हे, मुलाखतीच्या पद्धतीची कारणे शोधत बसाल. मधला मार्ग असा की स्त्रीचे प्रत्यक्ष वर्तन आणि त्या वर्तनाची प्रश्नावलीत झालेली नोंद यांची दोन वेगळी मॉडेले लिहावीत आणि ती एकत्र बसवावीत. हे म्हणायला सोपे असले तरी करताना एक मोठी अडचण येते. तिच्याकडे येण्यापूर्वी, २६ हा आकडा केवळ योगायोगाने आलेला नाही हे आधी पटवून घेऊ.

पाचव्या फेरीत गोव्यात सुमारे २,००० स्त्रियांच्या मुलाखती झाल्या आणि चौथ्या फेरीचा नमुनाही याच श्रेणीतला होता. त्यांत विवाहित स्त्रिया १,३०० धरल्या आणि गुच्छनिवडीमुळे, म्हणजे एकेका वस्तीतून अनेक घरे घेतल्यामुळे, विचरण (अंदाजाचे विखुरलेपण) दुप्पट होते असे मानले, तरी २६ टक्क्यांभोवतीची ९५ टक्क्यांची मर्यादा साधारण साडेतीन टक्के इकडे-तिकडे एवढीच येते. चाळीस टक्क्यांहून मोठी उडी नमुना-त्रुटीच्या खात्यात टाकता येत नाही. ती महासाथीच्या खात्यातही टाकता येत नाही, कारण पाचव्या फेरीचे गोव्यातील काम पहिल्या टप्प्यात झाले आणि तो टप्पा जून २०१९ ते जानेवारी २०२० असा, म्हणजे टाळेबंदीच्या आधीच संपलेला आहे.

आता जननदराकडे पाहा. याच तीन फेऱ्यांत गोव्याचा एकूण जननदर, म्हणजे एका स्त्रीला सरासरी होणारी मुले, १.८, १.७ आणि १.३ असा आहे. लोकसंख्याशास्त्रज्ञ जॉन बोंगार्ट्स यांनी १९७८ मध्ये मांडलेले समीकरण येथे उपयोगी पडते. त्यात १५.३ ही जैविक कमाल धरून तिला विवाह, गर्भनिरोधन, गर्भपात आणि प्रसूतीनंतरचा वंध्यकाल यांच्या गुणकांनी गुणतात. विवाहाचा गुणक ०.४५, वंध्यकालाचा ०.७२, साधनांची परिणामकारकता ०.९५ आणि गर्भपाताचा गुणक १ धरून हिशेब केला, तर २६ टक्के वापराला जननदर ३.६ च्या आसपास यायला हवा आणि ६८ टक्के वापराला १.५ च्या आसपास. माझे गुणक अंदाजाचे आहेत. आपण ते जन्मेतिहासावरून नीट काढावेत. मात्र ते कसेही ताणले तरी २६ टक्के वापर आणि १.७ जननदर यांचा मेळ बसत नाही. तो बसवायचा तर गर्भपाताचे प्रमाण इतके प्रचंड मानावे लागेल की ते कोणत्याही रुग्णालयाच्या नोंदवहीतून सुटले नसते. जन्म लपवणे कठीण असते, साधन लपवणे सोपे असते. म्हणून दोहोंत विसंगती आली की माझा संशय आधी साधनाच्या उत्तरावर जातो.

पारंपरिक पद्धतींचे आकडेही हेच सांगतात. कोणत्याही साधनाच्या प्रमाणातून आधुनिक साधनांचे प्रमाण वजा केले की तिसऱ्या फेरीत सुमारे ११ टक्के उरतात, चौथ्या फेरीत जेमतेम दीड आणि पाचव्या फेरीत पुन्हा आठच्या आसपास. नैसर्गिक पद्धती पाळणाऱ्या जोडप्याला, विशेषतः कॅथलिक कुटुंबात, आपण 'काही वापरतो' असे मुळात वाटतच नाही. मुलाखत घेणारीने प्रत्येक पद्धतीचे नाव घेऊन खोदून विचारले तरच ती उत्तरात येते. नसबंदीचेही तसेच आहे. बारा वर्षांपूर्वी ऑपरेशन झालेल्या बाईला 'गर्भधारणा टाळण्यासाठी सध्या काही करता का' असे विचारले, तर ती सरळ मनाने 'नाही' म्हणते. त्यात मुलाखतकर्तीचा स्वतःचा हिशेब मिसळतो. उत्तर 'होय' आले की साधन कधीपासून, कुठून घेतले, दुष्परिणाम सांगितले होते का, असे प्रश्न पुढे येतात, आणि आधीच लांबलेल्या प्रश्नावलीत दमलेल्या माणसाला 'नाही' सोयीचे वाटते. यात कुणाला दोष देण्याचे कारण नाही. मॉडेलमध्ये मात्र याला जागा द्यावी लागते.

आता ती अडचण. समजा एखाद्या गटात खरा वापर 'प' आहे आणि वापर करणारी स्त्री तसे सांगून त्याची नोंद होण्याची संभाव्यता 'न' आहे. न वापरणारी स्त्री वापरते असे खोटे सांगत नाही, हे तूर्त गृहीत धरू. मग पाहणीत दिसते ते केवळ 'प' गुणिले 'न'. खरा वापर ६५ टक्के आणि नोंद ०.४० असली तरी २६ येतात, आणि खरा वापर ५० टक्के व नोंद ०.५२ असली तरी २६ च येतात. रोगनिदान चाचण्यांसाठी रोगन आणि ग्लॅडन यांनी १९७८ मध्ये दिलेले दुरुस्तीचे सूत्र येथे लावता येते, पण त्याला चाचणीची संवेदनशीलता, म्हणजे येथे 'न', बाहेरून पुरवावी लागते. आपल्या माहितीत ती नाही. बेझियन पद्धतीने मॉडेल चालवले तर उत्तर अवश्य मिळेल, पण ते आपण दिलेल्या पूर्ववितरणाचे (माहिती पाहण्यापूर्वीच्या गृहीतकाचे) उत्तर असेल, माहितीचे नव्हे. आलेख देखणा येतो आणि म्हणूनच तो अधिक फसवा असतो. त्यामुळे सगळी मेहनत 'न' बद्दल स्वतंत्र पुरावा मिळवण्यावर करावी.

असा पुरावा आपल्याच फायलींत दडलेला आहे. पाचव्या फेरीत नसबंदी झालेल्या प्रत्येक स्त्रीला ती कोणत्या महिन्यात आणि वर्षी झाली हे विचारलेले आहे. त्या तारखा घेऊन मागे जावे आणि २०१५-१६ मध्ये, म्हणजे चौथी फेरी चालू असताना, यांपैकी किती जणींची नसबंदी आधीच झालेली होती ते मोजावे. मग त्याच जन्मवर्षांच्या स्त्रियांमध्ये चौथ्या फेरीने किती नोंदल्या ते त्याच्या शेजारी ठेवावे. नसबंदी परत फिरत नाही, त्यामुळे या दोन आकड्यांचे गुणोत्तर म्हणजे चौथ्या फेरीतील नसबंदीच्या नोंदीची जवळपास थेट मोजणी आहे. दोन पथ्ये पाळावीत. पाचव्या फेरीत ४९ वर्षांवरील स्त्रिया नाहीत, म्हणून २०१५ मध्ये ४५ च्या आतील वयोगटापुरतीच तुलना करावी. तसेच मधल्या काळात लग्न होऊन किंवा कामानिमित्त गोव्यात आलेल्या स्त्रियांना, सध्याच्या ठिकाणी किती वर्षे राहता या उत्तरावरून, वेगळे काढून पाहावे. बाहेरून आलेल्यांची वस्ती मोठी असलेल्या झुआरीनगर किंवा वास्कोच्या परिसरातील एखादा गुच्छ नमुन्यात आला असेल तर हा फरक क्षुल्लक नसेल. तिसऱ्या फेरीकडून पुढे येऊनही हीच परीक्षा करता येते: १९७० च्या दशकात जन्मलेल्या स्त्रियांमधील नसबंदीचे प्रमाण २००५-०६ पेक्षा २०१५-१६ मध्ये कमी दिसले, तर ती घट वर्तनातली असूच शकत नाही.

निरोध, गोळ्या, तांबी यांसाठी असा भक्कम आधार नाही. पाचव्या फेरीत मुलाखतीपूर्वीच्या किमान पाच वर्षांची महिनावार दिनदर्शिका भरलेली असते, तिच्यातून २०१५-१६ चा वापर काढता येतो. पण चार वर्षांपूर्वी कोणत्या महिन्यात गोळ्या सुरू केल्या आणि कधी सोडल्या हे सहसा कुणाला आठवत नाही. वापराचे कालावधी १२, २४, ३६ महिन्यांवर साचलेले दिसतात आणि अल्पकाळ वापरून सोडलेली साधने गळून पडतात. म्हणून या आकड्याकडे खऱ्या वापराची खालची मर्यादा म्हणून पाहावे. खालची मर्यादा कळणे हीसुद्धा येथे मोठीच मिळकत आहे.

याच्या आधारे मॉडेलची मांडणी मी अशी करेन. खऱ्या वापराचा भाग हा बहुवर्गीय ठेवावा: काहीच नाही, नसबंदी, तात्पुरते आधुनिक साधन, पारंपरिक पद्धत. त्यात वय, हयात मुलांची संख्या, मुलगा आहे की नाही, शिक्षण, शहर-गाव, जिल्हा हे चल आणि काळाचा एक सौम्य वक्र असावा. फेरीचा सुटा चल या भागात ठेवू नये, कारण समाज चार वर्षांत एवढ्या मोठ्या उड्या मारत नाही. फेरी नोंदीच्या भागात यावी: प्रत्येक साधनप्रकाराला वेगळी नोंद-संभाव्यता, ती फेरीगणिक वेगळी, आणि तिच्या जोडीला प्रत्येक मुलाखतकर्तीचा यादृच्छिक परिणाम, म्हणजे तिच्या विचारण्याच्या ढबीमुळे पडणारा फरक. नसबंदीच्या नोंदीचे पूर्ववितरण वर सांगितलेल्या मागे जाण्याच्या हिशेबावरून ठरवावे, आणि जननदराशी विसंगत ठरणाऱ्या संयोगांचे वजन बोंगार्ट्सच्या समीकरणाने कमी करावे. खरी माहिती जोडण्यापूर्वी 'प' आणि 'न' स्वतः ठरवून कृत्रिम माहिती तयार करावी आणि मॉडेल ते मूळ आकडे परत मिळवून देते का, हे पाहावे. या प्रकारच्या मॉडेलांत ही पायरी गाळणाऱ्याचे निष्कर्ष मी वाचत नाही. स्टॅन या सांख्यिकी संगणकप्रणालीत हे सारे लिहिणे अवघड नाही.

राष्ट्रीय पातळीवर याच विचाराचे काम लिऑन्टीन आल्केमा आणि सहकाऱ्यांनी केले. द लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात २०१३ साली आलेल्या त्यांच्या लेखात १९४ देश-प्रदेशांचे १९९० ते २०१५ या काळातील अंदाज आहेत. वापर लॉजिस्टिक वक्राने हळूहळू चढतो असे धरून, पाहणीत विवाहितांऐवजी सर्व स्त्रिया घेतल्या होत्या का, लोकपद्धती मोजल्या का, खोदून विचारले होते का, अशा फरकांसाठी त्यात स्वतंत्र दुरुस्त्या आहेत. ती चौकट अभ्यासण्यासारखी आहे, पण तशीच उचलून गोव्याला लावू नये. डझनावारी पाहण्यांच्या मेळाव्यात एक चुकीची पाहणी आपोआप दबते. येथे मुळात तीनच बिंदू आहेत आणि त्यांतला एक रुसलेला आहे.

मुलाखतकर्तीच्या परिणामाबद्दल थोडे अधिक लिहितो, कारण आपल्याकडे त्याची उपेक्षा फार होते. एका गुच्छात २० स्त्रिया आणि त्यांच्या उत्तरांतील सहसंबंध ०.०५ असेल, तर विचरण १.९५ पट होते. हे सर्वांना ठाऊक असते. पण एका मुलाखतकर्तीने १०० मुलाखती घेतल्या आणि संवेदनशील प्रश्नावर तिच्या सर्व उत्तरांतील सहसंबंध ०.१० असला, तर विचरण जवळजवळ ११ पट होते. अशा वेळी १,३०० स्त्रियांच्या नमुन्यात माहिती उरते ती सव्वाशे स्त्रियांइतकी. गोव्यासारख्या लहान राज्यात सारे काम मोजक्या जणींवर असते, त्यामुळे दोघीतिघींची विचारण्याची ढब राज्याचा आकडा हलवू शकते. मुलाखतकर्तीचा संकेतांक फायलीत असतो. किमान एवढे करावे की संकेतांकानुसार 'होय' चे प्रमाण मांडून पाहावे. दोष असा की एक चमू एकाच भागात फिरतो, त्यामुळे मुलाखतकर्तीचा परिणाम आणि भागाचा परिणाम एकमेकांत गुंततात. संख्याशास्त्रज्ञ प्रशांतचंद्र महालनोबिस यांनी १९४० च्या दशकात परस्परभेदी उपनमुन्यांची रीत यासाठीच वापरली होती: एकाच भागात दोन स्वतंत्र चमूंना स्वतंत्र उपनमुने द्यायचे आणि दोघांचे आकडे ताडून पाहायचे. पां. वा. सुखात्मे यांनीही १९५२ मध्ये नमुनाबाह्य त्रुटींवर लिहिले होते. हा विचार याच देशात रुजलेला असताना आजच्या प्रबंधांत केवळ नमुना-त्रुटीची मर्यादा छापून समाधान मानले जाते, याचे मला नवल वाटते.

भारांकांविषयी आपण ओझरते विचारले आहे. ते वापरावेतच, पण त्यांच्याकडून भलती अपेक्षा ठेवू नये. कोणते घर निवडले गेले आणि कोणते प्रतिसादाविना राहिले याची भरपाई भारांक करतात. प्रतिसाद देऊन चुकीचे सांगितलेल्या उत्तराला ते स्पर्शही करत नाहीत. बहुस्तरीय मॉडेलमध्ये शहर-गाव, जिल्हा आणि गुच्छ घेतलेत तर भारांकांचे बरेचसे काम तेथेच होते. प्रतिसाद न देणाऱ्यांबाबत मात्र सावध राहावे. ताळगाव किंवा पर्वरीतील सदनिकेत दिवसा कुलूप असते ते दोघेही नोकरीला असल्यामुळे, आणि अशा जोडप्याचा साधनवापर शेजारच्या घरात भेटलेल्या स्त्रीसारखाच असेल असे मानायला आधार नाही.

उलट, काही कमी दिसणारे आकडे खरे असतात आणि त्यांना 'दुरुस्त' करण्याचा मोह टाळावा. सासष्टीत तारवटी, म्हणजे बोटीवर नोकरी करणाऱ्यांची, कुटुंबे पुष्कळ आहेत. नवरा सहा-आठ महिने बोटीवर असताना पत्नी साधन वापरत नाही, हे तिचे उत्तर शंभर टक्के खरे आहे. नवरा आखातात असलेल्या घरीही हेच असते. अडचण होते ती अपूर्ण गरजेच्या, म्हणजे मूल नको असूनही साधन न वापरणाऱ्यांच्या, व्याख्येत. त्या व्याख्येनुसार विवाहित स्त्रीचा शरीरसंबंध चालू आहे असे गृहीत धरले जाते, त्यामुळे अशा स्त्रिया सरसकट गरजवंतांत मोजल्या जाऊ शकतात. नवरा सोबत राहतो का हा प्रश्न पाहणीत आहे. त्यावरून दोन गट करून अपूर्ण गरज स्वतंत्र द्यावी. एकत्र मॉडेलमध्येही हा चल नोंदीच्या नव्हे, खऱ्या वापराच्या भागात ठेवावा, नाहीतर मॉडेल तारवट्यांच्या बायकांना खोटे ठरवेल.

आरोग्य खात्याच्या सेवा-आकडेवारीचा आधार घ्यावा का? घ्यावा, पण अंशस्थानी कोण आहे हे पाहून. बांबोळीच्या गोवा वैद्यकीय महाविद्यालयात सिंधुदुर्ग आणि कारवारकडील रुग्ण मोठ्या संख्येने येतात. तेथे झालेली प्रत्येक नसबंदी गोव्याच्या रहिवासी स्त्रीची नसते. दुसरीकडे, बाळंतपणासाठी बेळगाव किंवा सावंतवाडीच्या माहेरी गेलेल्या स्त्रीची नसबंदी तिकडे नोंदली जाते. औषधाच्या दुकानातून घेतलेले निरोध आणि गोळ्या सरकारी नोंदीत येतच नाहीत. म्हणून या आकड्यांतून पातळी काढू नये. वर्षागणिक चढउताराची दिशा ताडून पाहण्यापुरता त्यांचा उपयोग आहे. २०१५ ते २०१९ दरम्यान नसबंद्या किंवा तांब्या अडीचपट झाल्याची खूण तेथे सापडली नाही, तर उडी नोंदीतली आहे याला आणखी एक दुजोरा मिळेल.

शिक्षण आदी चलांचा साधनवापराशी संबंध दाखवणारा जो तक्ता आपण पाठवला आहे, त्याबद्दल एकच सूचना. शिक्षित स्त्रिया साधन मोकळेपणाने सांगत असतील आणि अशिक्षित स्त्रिया संकोचत असतील, तर शिक्षणाचा गुणांक खऱ्यापेक्षा फुगलेला येतो. उलट असेल तर तो आक्रसतो, क्वचित चिन्हही बदलते. 'मोजणीतील चुकीने परिणाम फक्त शून्याकडे सरकतो' हा दिलासा येथे लागू नाही. चौथ्या फेरीवर एकटीवर बसवलेले गुणांक प्रबंधात कारण म्हणून लिहू नयेत.

राहिले तालुकावार अंदाज. सार्वजनिक फायलीत खूण जिल्ह्यापर्यंतच असते. त्यातही फोंडा तालुका जानेवारी २०१५ मध्ये उत्तर गोव्यातून दक्षिण गोव्यात गेला, त्यामुळे फेऱ्यांमधील जिल्ह्यांची तुलना करण्यापूर्वी कोणत्या फेरीत फोंडा कुठे धरला आहे हे तपासावे. गुच्छांचे अक्षांश-रेखांश मिळतात, पण गोपनीयतेसाठी ते मुद्दाम हलवलेले असतात: शहरी गुच्छ दोन किलोमीटरपर्यंत, ग्रामीण पाच किलोमीटरपर्यंत आणि ग्रामीणांतील एक टक्का दहा किलोमीटरपर्यंत. राजस्थानात हे अंतर नगण्य आहे. डिचोली आणि सत्तरीच्या सीमेवरील गावाला मात्र तेवढ्याने तालुकाच बदलतो. तेव्हा गुच्छाला एकच तालुका चिकटवू नये. हलवण्याच्या नियमावरून प्रत्येक तालुक्यात तो असण्याची संभाव्यता काढावी आणि तेवढ्या वजनाने तो घ्यावा.

त्यानंतर बहुस्तरीय रिग्रेशन करून लोकसंख्येच्या रचनेनुसार पुनर्भारण करण्याची गेल्मन आणि लिटल यांची १९९७ मधील पद्धत वापरता येईल. थेट तालुका-अंदाज आणि त्यांची त्रुटी हाताशी असती तर लहान क्षेत्रांच्या अंदाजांसाठीचे फे आणि हेरियट यांचे १९७९ चे मॉडेल पुरले असते, पण बाराच तालुके आणि काहींत दोन-तीनच गुच्छ असताना ते डळमळते. पुनर्भारणासाठी वय, शिक्षण आणि तालुका यांचे एकत्र तक्ते लागतात आणि ते आजही २०११ च्या जनगणनेचेच आहेत. पुढची जनगणना २०२७ ची आहे. बार्देश, तिसवाडी, मुरगाव येथे गेल्या दशकात वस्ती इतकी बदलली आहे की जुनी रचना घेतल्याचा परिणाम किती होतो हे दोन-तीन पर्यायी रचनांवर चालवून दाखवावे. सांगे, धारबांदोडा आणि काणकोण यांचे अंदाज बहुधा दक्षिण गोव्याच्या सरासरीकडे ओढले गेलेले येतील. ती त्या तालुक्यांची स्थिती नव्हे, माहितीच्या अभावी मॉडेलने घेतलेला आसरा आहे. म्हणून बारा तालुक्यांचा रंगीत नकाशा छापू नये असे माझे मत आहे. तक्ता द्यावा, प्रत्येक आकड्याशेजारी त्याची ९० टक्क्यांची मर्यादा आणि त्या तालुक्यात पडलेल्या गुच्छांची अपेक्षित संख्या द्यावी, आणि जेथे ती संख्या तीनपेक्षा कमी आहे ते तालुके एकत्र करावेत. चौथ्या फेरीचे तालुकावार अंदाज तर काढूच नयेत, कारण त्या फेरीत नोंदीची संभाव्यता भागागणिक कशी बदलत होती हे ठरवायला नसबंदीच्या तारखा जिल्हा पातळीवर कशाबशा पुरतील, त्याखाली नाही.